दादा कशानं गेला

कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा म्हटल्यावर थोरलीने, म्हणजे चिमीच्या आईने, आधी फ्रिज रिकामा केला. दूध, भाज्या, कालची उरलेली आमटी, सगळं ओट्यावर आलं.

"अगं आई, झाकण आहे त्याला. घट्ट आहे," चिमी म्हणाली.

"असू दे घट्ट. आत काय आहे ते मला ठाऊक आहे ना."

पांढऱ्या प्लॅस्टिकचा मोठा कॅन होता. तळाला प्रयोगशाळेवाल्याने घातलेलं आम्ल, बाहेर चिमीच्या नावाची चिठ्ठी. चोवीस तासांची लघवी त्यात साठवायची होती. सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची मगात धरून जपून कॅनमध्ये ओतायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली घेऊन थांबायचं. तोपर्यंत चहा-कॉफी बंद, केळं बंद, चॉकलेट बंद. हा दुसरा कॅन. पहिल्या खेपेला चिमीने मध्येच सर्दीची गोळी घेतली होती. आकडा आला तो धड इकडचा ना तिकडचा. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा सगळं करायला सांगितलं.

म्हणून या वेळी थोरलीने पहारा धरला होता. घरच्या लाँड्रीला सुट्टी होती. खाली बॉयलर थंड, वर या माय-लेकी दोघीच. चिमी मोरीतून बाहेर आली की दारातच चौकशी.

"घेतलंस का सगळं?"

"घेतलं."

"सांडलं नाहीस ना?"

"आई, चाळिशी ओलांडली मी."

"म्हणून तर नुसतं विचारते. लहान असतीस तर मीच धरलं असतं."

चिमी हसली आणि कॅन खालच्या कप्प्यात सरकवायला वाकली. वाकली ती तशीच थांबली. थोरलीला आता ती थांबण्याची तऱ्हा पाठ झाली होती. आधी हात डोक्याकडे जाई, मग ओठांचा रंग उतरे, मग चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा होई आणि कानामागून घामाच्या धारा लागत. लाँड्रीत ओल्या चादरींचं गाठोडं उचलताना हे व्हायचं तेव्हा थोरली वाफेला दोष द्यायची. घरच्या डॉक्टरने वयाला दिला, चिमीच्या भावाने तिच्या घाबरट स्वभावाला. आज इथे वाफ नव्हती, गाठोडं नव्हतं आणि घाबरण्यासारखंही काही नव्हतं.

थोरलीने तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि पदराने वारा घालू लागली. "पाणी देऊ?"

"नको." चिमीचे दात वाजत होते. "बरं झालं, आज आलं. आता हे उतरेल त्या कॅनमध्ये."

उतरलंही खरं. रिपोर्टवर आकडा आला तो असायला हवा त्याच्या कितीतरी पट होता. मग झोपवून रक्त घेतलं, त्यातही तेच. मग पोटाचं स्कॅनिंग झालं आणि डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून कागदावर चित्र काढलं. दोन मूत्रपिंडं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी. उजवीकडच्या टोपीत त्यांनी एक गोळा काढला.

"अंगावर कुत्रा धावून आला की जे रसायन रक्तात सुटतं, ते ही गाठ काही कारण नसताना सोडते. त्या रसायनाचा चोथा लघवीत येतो. आपण तोच मोजला. आधी गोळ्यांनी रक्तदाब ताब्यात आणू, मग गाठ काढून टाकू. सापडली हे नशीब." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता सांगा, घरात असं आणखी कुणाला होतं? आई-वडिलांना?"

"मला नाही," थोरली म्हणाली.

"आणि चिमीताईंचे वडील?"

"त्यांना त्यांच्या भावाने मारलं."

चिमीने डोळे मिटले. डॉक्टरीणबाई मात्र दचकल्या नाहीत. "म्हणजे नेमकं काय झालं?"

हे सांगताना थोरलीला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. तीसेक वर्षं ती हेच, याच क्रमाने सांगत आली होती. धाकट्या दिराला ड्रायक्लीनिंगचं मशीन घ्यायचं होतं, ह्यांना नको होतं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर धाकटा मोठ्या भावावर ओरडला. नको नको ते बोलला. हे काउंटर धरून उभे होते. एकदम पांढरे फटक पडले, घामाने सदरा भिजला, दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं आणि कोसळले ते उठलेच नाहीत. वय चाळिशीच्या आतलं. तेराव्याच्या आधी तिने दिराला घराबाहेर काढलं. लाँड्रीही फुटली. दोन गल्ल्या पलीकडे त्याने आपलं मशीन लावलं. त्यानंतर दोन्ही घरांत शब्द नाही.

डॉक्टरीणबाई सगळं लिहून घेत होत्या. "पांढरे पडले, घाम, डोकं दुखलं," त्या सावकाश म्हणाल्या. "आधी कधी असं झालं होतं त्यांना?"

"नाही," थोरली पटकन म्हणाली.

आणखी एकदा रक्त तपासलं गेलं. या वेळी चिमीबरोबर थोरलीचंही. चिमीच्या जनुकात दोष निघाला, थोरलीच्या नाही. म्हणजे तो बापाकडून आला होता. आणि बापाला त्याच्या आई-बापापैकी एकाकडून आलेला असणार. त्याच आई-बापाचा दुसरा मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहत होता.

"त्यांना कळवायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना, त्यांच्या मुलाला आणि तुमच्या मुलालाही."

तिथून घरात दोन तट पडले. चिमीचा भाऊ वकील होता आणि घरातही त्याला वकीलच म्हणत. नेहमीप्रमाणे तो आईच्या बाजूने उभा राहिला.

"त्या माणसाला या घरात पाय ठेवू द्यायचा नाही. कळवायचंच असेल तर मी रजिस्टर पोस्टाने कळवतो. पोच आली की आपली जबाबदारी संपली."

"काय लिहिशील? 'उपरोक्त इसमास कळविण्यात येते की आपल्या पोटात गाठ असू शकते'?" चिमी म्हणाली.

"त्यात काय चूक आहे?"

"आणि तुझं काय? तू कधी जाणार रक्त द्यायला?"

"मला काही होत नाही," वकील म्हणाला आणि लगेच कुणाला तरी फोन करायला गॅलरीत गेला.

थोरलीच्या मनात वेगळाच घोळ चालला होता. माणूस मारला गेला आणि माणूस आजाराने गेला, यांत फरक काय, गेला तो गेलाच, असं ती स्वतःला समजावत होती. पण फरक होता. मारणाऱ्याकडे पाठ फिरवून इतकी वर्षं ती ताठ चालली होती. दुकान चालवताना, मुलं वाढवताना, दमून बसावंसं वाटलं की त्या रागाने तिला उभं केलं होतं. आता कुणी तरी येऊन तो हातातून काढून घेणार, आणि त्याच्या जागी काय देणार? एक कागद, ज्यावर टोप्यांचं चित्र!

शेवटी चिमीने कुणालाच न विचारता फोन लावला. तिकडून धाकट्याच्या सुनेने उचलला. ती शाळेत शिकवायची. सगळं ऐकून घेतल्यावर तिने दोन-तीन नेमके प्रश्न विचारले आणि म्हणाली, "रविवारी घेऊन येते त्यांना. येणार नाही म्हणतील, पण आणते."

रविवारी ते आले. सुनेचा नवरा कामानिमित्त परगावी होता. सून पुढे, मागे धाकटा. थोरलीने त्याला रस्त्यात अधूनमधून पाहिलं होतं, पण ते पाहणं निराळं. जवळून तो किती वाळला होता! लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा अर्ध्या चड्डीत शाळेत जायचा, दप्तर तिच्या अंगावर फेकून खायला मागायचा. आता तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला, पाहुण्यासारखा.

"त्यांना पाणी दे," थोरली चिमीला म्हणाली.

"नको म्हणावं," धाकटा सुनेला म्हणाला.

"नको म्हणताहेत," सून कुणाकडेच न बघता म्हणाली. "मी घेईन. मला तहान लागली आहे."

चिमीने सांगायला सुरुवात केली. तिने डॉक्टरीणबाईंचा कागद मध्ये ठेवला आणि ग्रंथी, गाठ, लघवी, रक्त, जनुक, सगळं गिऱ्हाइकाला डागाचं कारण समजावून द्यावं तसं शांतपणे सांगितलं. मुलाला हा दोष यायची शक्यता निम्मी असते. आला तरी गाठ होईलच असं नाही. झाली तर काढता येते. पण ती आहे हे ठाऊक नसेल, तर एखाद्या दिवशी रक्तदाब असा चढतो की माणूस जागच्या जागी जातो.

"बाबांसारखा," ती म्हणाली.

धाकट्याने मान वर केली. "दादा कशानं गेला म्हणतेस?"

"बहुतेक यानंच, काका. त्या वेळी कुणी तपासलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही. पण सगळं जुळतं."

"म्हणजे भांडणानं नाही?"

चिमीला सोपं उत्तर देता आलं असतं. "मी विचारलं होतं डॉक्टरांना. भांडणानंही चढला असेल. जड उचलल्यानं, नुसतं वाकल्यानंही चढतो. काही न करताही."

"म्हणजे थोडक्यात, काका सुटले," वकील भिंतीला टेकून म्हणाला. "पुराव्याअभावी."

"मला सोडायला कुणी सांगितलं रे तुला?" धाकट्याचा आवाज एकदम वर गेला. सुनेने त्याच्या दंडाला हात लावला. "मी आलो होतो का अर्ज घेऊन, की मला सोडा म्हणून? जे बोललो ते बोललो. दादाला भर दुकानात नामर्द म्हणालो मी. ते काय गाठीनं म्हटलं?"

खाली रस्त्यावरून एक टेम्पो गचके खात गेला.

"बाबा, ओरडू नका," सून म्हणाली. "मग पुन्हा घाम येईल."

तिने हे अगदी सहज म्हटलं होतं, पण चिमीचे कान टवकारले. "पुन्हा म्हणजे?"

"होतं त्यांना कधी कधी. दुकानातून घरी आले की गप्प बसून राहतात. शर्ट पिळून काढावा इतका घाम असतो. विचारलं तर सांगत नाहीत."

"सांगण्यासारखं नाही ते," धाकटा म्हणाला.

"काका, सांगा."

तो हाताच्या नखांकडे बघत बोलू लागला. "छाती धडधडते. हातपाय गार पडतात. आता काहीतरी भयंकर होणार असं वाटतं. थोडा वेळ राहतं, मग जातं. दादा गेल्यानंतर काही वर्षांनी सुरू झालं. मला वाटायचं, दादाच येतो. हिशेब विचारायला. यायलाच हवं, म्हणायचो. मग बसून राहायचो, जाईपर्यंत. डॉक्टरकडे कशाला जायचं? मनाला खातंय ते, त्यावर गोळी असते का?"

सुनेचा हात तोंडाशी गेला. वकिलाने भिंतीवरची पाठ काढली आणि तो नकळत दोन पावलं पुढे आला.

थोरलीला आठवलं की आपण याला शाप दिले होते. तोंडाने नाही, पण रोज मनात. तुलाही सुख लागू नये, बसशील तिथे जीव घाबरा व्हावा. इतकी वर्षं तो होत होता आणि तिला त्याची खबरही नव्हती. तिला त्यात तसूभरही समाधान वाटलं नाही.

"डोकं दुखतं का तेव्हा?" तिने विचारलं.

प्रश्न कुणाला आहे हे कळायला सगळ्यांनाच वेळ लागला. ती सरळ धाकट्याकडे बघत होती.

"फुटतं," तो म्हणाला. "फुटतं हो, वहिनी."

"पांढरा पडतोस?"

"ते मला कसं दिसणार?"

"पडतात," सून म्हणाली. "एकदम पडतात."

थोरली उठून खिडकीशी गेली आणि खिडकीशी काहीच काम नव्हतं म्हणून परत येऊन बसली. आता ती जे बोलणार होती ते तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं नव्हतं, मुलांना नाही, स्वतःलाही मोजूनमापूनच सांगितलं होतं. कारण ते मान्य केलं तर भांडणाच्या आधीचा वेळ मध्ये येत होता, आणि त्या वेळात धाकटा नव्हता. ती होती.

"त्या दिवशी ह्यांना सकाळीच झालं होतं ते," ती म्हणाली. "सदऱ्याची बटणं लावता येईनात. हात थरथरत होते. पलंगावर बसले, घामाघूम. मी म्हटलं, आज दुकान राहू द्या. हे म्हणाले, होतं असं मला, जाईल. गेलंही. मग चहा घेतला आणि खाली उतरले. मी अडवलं नाही."

"आई, तू कधी बोलली नाहीस," वकील म्हणाला.

"कुणी विचारलं नाही. आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोलले." ती धाकट्याकडे वळली. "त्याच्याही आधी एक-दोनदा झालं होतं. तू काय बोललास ते मी विसरणार नाही. तेवढं तुझ्याकडे राहील. पण हे सकाळपासूनच आजारी होते. तेवढं मी तुझ्यावरून काढून घेते."

धाकट्याने खिशातून रुमाल काढला, घडी न मोडता तसाच डोळ्यांवर दाबून धरला आणि बराच वेळ काढला नाही. सून आणि चिमी एकमेकींकडे बघून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. वकिलाला कुठे जावं कळेना. तो आईच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"वकील," रुमालाआडून धाकटा म्हणाला, "तू दिलंस का रक्त?"

"देणार आहे."

"माझ्याबरोबर चल. मला सुईची भीती वाटते."

"मलाही," वकील म्हणाला, आणि हे त्याने आयुष्यात कुणाजवळ पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

त्यापुढचं सगळं जितक्या लवकर व्हायला हवं होतं तितक्या लवकर झालं नाही, पण झालं. चिमीने काही आठवडे गोळ्या घेतल्या. त्यांनी नाक चोंदायचं आणि पटकन उठलं की गरगरायचं, पण रक्तदाब ताब्यात आला. मग गाठ काढली. लिंबाएवढी होती. शुद्धीवर आल्यावर चिमीचा पहिला प्रश्न होता की हॉटेलच्या चादरी कुणी पोचवल्या. पोचवल्या होत्या धाकट्याच्या दुकानातल्या माणसांनी, कारण सुनेने परस्पर टेम्पो पाठवला होता. वकिलाच्या रक्तात काही निघालं नाही. तो इतका खूश झाला की आठवडाभर प्रत्येक अशिलाला चहा पाजत होता. धाकट्याच्या मुलालाही नव्हतं. धाकट्याला होतं.

त्याने लघवीचा कॅन भरून दिला होता. आज त्याला झोपवून रक्त घ्यायचं होतं. सुनेच्या शाळेत परीक्षा सुरू होत्या, मुलगा परगावी, चिमी अजून पोटाला हात धरून चालत होती. म्हणून थोरली आली होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सकाळी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चल. चहा घेतला नाहीस ना?"

प्रयोगशाळेतल्या लहानशा खोलीत पडद्याआड एक खाट होती. नर्सने आधीच हातात सुई बसवून ठेवली आणि त्याला उताणा झोपवलं. सुई जाताना त्याने थोरलीची बोटं धरली होती. मग लक्षात आलं तशी सोडली.

नर्सने पांघरूण सारखं केलं आणि थोरलीकडे वळली. "तुम्ही कोण यांच्या?"

"वहिनी."

"बसा मग इथेच. पण आता अर्धा तास यांनी असंच पडून राहायचं. काळजी नको, राग नको, काही नको. नाहीतर आकडा उगीच वर जातो. तुम्ही मुळीच यांच्याशी बोलू नका. जमेल ना?"

थोरलीने खुर्ची खाटेजवळ ओढली.

"बाई," ती म्हणाली, "त्यात माझा हात धरणारं कुणी नाही."

खाटेवर धाकटा हसायला लागला. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग आवाजच फुटला. नर्सने घड्याळाकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाली, "हसायचं नाही हो, बाबा! आता पहिल्यापासून धरावा लागेल वेळ."

"धरा," थोरली म्हणाली. "आम्हाला घाई नाही."